आईच्या कानाचं ऑपरेशन आणि विद्यापीठाचं रुग्णालय : शिकाऊ हात लागतो का?

घणसोलीकर
१२ जून, रात्री ११:१०

मंडळी, थोडं लांबड लावतो, सांभाळून घ्या.

आई, वय ५९. डाव्या कानातून पाणी येणं वीसेक वर्षांपासून आहे. पावसाळा आला की कान वाहणार, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून थेंब आणणार, थांबलं की विसरणार. आमच्या घरात 'आईचा कान' ही 'बाबांचा गुडघा'सारखीच एक कायमची वस्तू होती. गेल्या वर्षभरात त्या पाण्याला वास यायला लागला. दुखत मात्र काहीच नाही, त्यामुळे ती दाखवायला तयार नव्हती. मार्चमध्ये मामेबहिणीच्या हळदीत खाली वाकली आणि गरगरून बसली, तेव्हा कुठे वाशीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात दुर्बीण घालून पाहिलं, कानशिलाच्या हाडाचा स्कॅन करायला लावला आणि शब्द उच्चारला : कोलेस्टीआटोमा. औषधाने जाणार नाही, ऑपरेशनच.

एका खाजगी मोठ्या रुग्णालयातलं एस्टिमेट ऐकून मी तिथेच गार पाणी मागितलं. आईचा विमा नाही. दुसरा पर्याय म्हणजे आपल्या नवी मुंबईतल्या एका अभिमत विद्यापीठाचं रुग्णालय. तिथल्या विभागात दाखवून आलो. सरकारी योजनेत बसेल असं म्हणाले. पण आईला तपासलं तिसरीतल्या मुलाएवढ्या चेहऱ्याच्या एका डॉक्टरने, मग आणखी एकाने, मग तिघांनी मिळून. आई घरी येऊन म्हणाली, "मला काय प्रदर्शनात ठेवलंय?"

प्रश्न सरळ आहे. अशा ठिकाणी प्रत्यक्ष ऑपरेशन कोण करतं? शिकणारी मुलं? चेहऱ्याची नस कानातूनच जाते असं वाचलं आणि झोप उडाली आहे. ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी लिहा.

पारसिक
१२ जून, ११:३२

पहिला मी. माझा अनुभव हर्नियाचा, कानाचा नाही, पण शिक्षण रुग्णालयातलाच. काहीही त्रास झाला नाही. फक्त राउंडला दहा जण येतात आणि तुमच्या पोटाकडे बघत एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, त्याची सवय करावी लागते.

अण्णा_नौपाडा
१३ जून, सकाळी ६:०५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. कर्ज काढा पण खाजगीत करा. माझ्या मेहुण्याला एका शिक्षण रुग्णालयात (नाव नाही घेत) नाकाच्या ऑपरेशनसाठी भरती केलं होतं. दोनदा उपाशी ठेवून दुपारी सांगितलं, आज यादी संपली नाही, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच सलाइन काढून घरी आला. स्वस्त ते शेवटी महाग पडतं.

वात्रट_वांगं
१३ जून, ८:४०

अण्णा, मेहुणा घरी कसा आला, ट्रेनने की रिक्षाने? सलाइनच्या स्टँडसकट? (दिवे घ्या)

मीनल_वाशी
१३ जून, १०:१५

घणसोलीकर, आधी योजनेचं नीट करा, कारण बाकीचं त्यावर अडतं. रुग्णालयात शिरल्यावर 'आरोग्यमित्र' असा काउंटर असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणजे जी २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तीच, २०१७ मध्ये नाव बदललं. आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण दोन गोष्टी कान देऊन ऐका (कोटी नाही, खरंच). एक, ते रुग्णालय योजनेत आहे एवढंच पुरत नाही, *हे* ऑपरेशन त्यांना योजनेत करता येतं का ते विचारा. दोन, मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. "करून घ्या, नंतर बघू" असं कोणी म्हणालं तर हलू नका. आमच्या सासऱ्यांच्या वेळी आधारवर 'दत्तात्रय' आणि रेशनकार्डावर 'दत्तात्रेय' होतं. त्या एका मात्रेसाठी चार दिवस गेले.

पारसिक
१३ जून, १०:२२

एका मात्रेसाठी चार दिवस! शुद्धलेखनवाल्यांनी हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा.

कर्णपिशाच्च
१३ जून, रात्री १०:५०

या धाग्यावर यावंच लागलं. मी कानाचा डॉक्टर. शिकलो मुंबईत पालिकेच्या मेडिकल कॉलेजात, आता ठाण्यात छोटं क्लिनिक आहे. (हे सदस्यनाम कॉलेजातल्या मित्रांनी ठेवलेलं आहे, मी निष्पाप आहे.)

आधी आजार समजून घ्या. कोलेस्टीआटोमा हे नावच फसवं. १८३८ साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते दिलं, पण त्यात ना कोलेस्टेरॉलचा संबंध, ना ही कर्करोगाची गाठ. साधी कातडी आहे, चुकीच्या जागी गेलेली. पडद्याचा वरचा भाग आत ओढला जातो, तिथे खिसा तयार होतो. कातडीचा धर्म आहे मृत पापुद्रे टाकत राहायचा. बाहेर असते तेव्हा ते गळून जातात, खिशात मात्र साठतात, सडतात, म्हणून वास. आणि हा साठा वाढत वाढत शेजारचं हाड पोखरतो. कानातल्या तीन हाडांपैकी शाळेत शिकलेली ती ऐरण बहुतेक वेळा आधी जाते. हातोडी आणि रिकीब यांच्यामधला पूलच तुटतो, म्हणून ऐकू कमी येतं. तुमच्या आईंना वाकल्यावर चक्कर आली, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड झिजलं असण्याची शंका घ्यायला हवी. स्कॅनच्या रिपोर्टात ते लिहिलंय का बघा. दुखत नाही हीच यातली खरी मेख. दुखलं असतं तर वीस वर्षं कोण थांबलं असतं?

सोडून दिलं तर चेहऱ्याची नस, मेंदूचं आवरण, मेंदूत पू, इथपर्यंत जाऊ शकतं. घाबरवत नाही, पण 'पुढच्या वर्षी बघू' हा पर्याय यादीतून काढा.

आता मूळ प्रश्न. होय, रेसिडेंटचा (तिथेच स्पेशालिस्ट व्हायला शिकणाऱ्या डॉक्टरचा) हात लागतो. खोटं बोलणार नाही. कानामागचा छेद, वरवरच्या हाडाचं ड्रिलिंग ही कामं बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट करतो, शेजारी लेक्चरर किंवा प्राध्यापक बसलेले असतात आणि मायक्रोस्कोपमधलं सगळं समोरच्या पडद्यावर दिसत असतं. नसेजवळ, रिकिबीजवळ काम पोचलं की खुर्ची बदलते. ती खुर्ची बदलण्याचा क्षण मला आजही आठवतो. सर काही बोलायचे नाहीत, फक्त खांद्यावर बोट ठेवायचे. आणि ड्रिल हातात यायच्या आधी आम्ही कित्येक संध्याकाळी लॅबमध्ये, देहदानातून आलेल्या कानशिलाच्या हाडांवर घासत बसायचो. हाडाच्या भुश्शाचा तो वास एप्रनमधून जात नाही.

तेव्हा प्रश्न 'शिकाऊ हात लागतो का' हा नाही. 'शेजारी कोण बसलेलं असेल' हा विचारा. तोंडावर विचारा. चांगले लोक चिडत नाहीत.

सानपाडा_लोकल
१३ जून, ११:२०

डॉक्टर, कोमट तेलात लसूण कडवून कानात घालतात, त्याने हे बरं होतं का? आमची आजी घालायची.

कर्णपिशाच्च
१३ जून, ११:२४

नाही. पडद्याला भोक असलेल्या कानात तेल गेलं की आत बुरशीची शेती होते. लसूण भाजीत घाला.

वात्रट_वांगं
१३ जून, ११:२६

हसून हसून पुरेवाट. वांग्याच्या भाजीत तर हमखास.

अण्णा_नौपाडा
१४ जून, ६:००

डॉक्टरसाहेब प्रामाणिक लिहिता म्हणून आदर आहे. पण खांद्यावर बोट ठेवायच्या आधीच पोराचा हात घसरला तर? माझी आई असती तर मी पोराच्या खुर्चीला हो म्हटलं नसतं. पैसे मोजले की निदान माणूस कोण ते ठाऊक असतं.

खारघर_टेकडी
१४ जून, दुपारी १:१०

अण्णा, उलट बाजूही ऐका. माझा मुलगा जन्मतः ऐकू शकत नव्हता. तीन वर्षांचा व्हायच्या आत त्याला कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालं, केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किती खेपा मारल्या याचा हिशेब नाही, ती संस्था त्या योजनेचं काम बघते. ऑपरेशन एका शिक्षण रुग्णालयात झालं.

ऑपरेशन दोनतीन तासांचं. लोकांना वाटतं तेच सगळं. खरं काम त्यानंतर. टाके बरे झाल्यावर मशीन सुरू करतात, त्याला स्विच ऑन म्हणतात. सगळे म्हणाले पोरगं हसेल, व्हिडिओ काढा. आमचा मुलगा घाबरून ओरडला आणि टेबलाखाली लपला. मग पुढची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी. घरी रोज 'पाणी', 'दार', 'ये', 'टाक'. मी नोकरी सोडली. त्या काळात ज्या स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिऑलॉजिस्ट मुली त्याच्यासोबत जमिनीवर बसून खेळल्या त्यातल्या निम्म्या विद्यार्थिनी होत्या. त्यांच्याकडे वेळ होता. घड्याळ बघणारं कोणी नव्हतं. आता तो दुसरीत आहे, मराठी शाळेत, आणि गप्प बस म्हणावं लागतं.

म्हणून सांगते, मोठा डॉक्टर कोण यापेक्षा ऑपरेशननंतर कोण बघणार ते शोधा.

मीनल_वाशी
१४ जून, १:४०

"गप्प बस म्हणावं लागतं." वाचून डोळ्यांत पाणी आलं, ऑफिसात आहे.

सिस्टर_निवृत्त
१४ जून, संध्याकाळी ७:२५

मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली नऊ कान-नाक-घशाच्या. कळव्याला पालिकेचं कॉलेज, नेरूळला नि कामोठ्याला विद्यापीठांची, सगळीकडे माझ्या हाताखालच्या मुली आहेत. कुठल्याच रुग्णालयाची बाजू घेत नाही. घणसोलीकर, तुम्ही माझ्या मुलासारखे, तेव्हा काही गोष्टी सांगते.

शिक्षण रुग्णालय डॉक्टरवर चालत नाही, युनिटवर, म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या गटावर चालतं. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) वार ठरलेला. जो डॉक्टर आज तुम्हाला आवडला तो सहा महिन्यांनी दुसऱ्या पोस्टिंगला, तीन वर्षांनी पास होऊन गावी. युनिट तिथेच राहतं. म्हणून फाइलच्या वरच्या पानावर ठळक लिहा : युनिट अमुक, वार अमुक. चुकीच्या वारी गेलात तर जो बसलेला असेल तो बघेल आणि 'पुढच्या वेळी आपल्या वारी या' म्हणेल. बिचारी माणसं पनवेलहून, उरणहून येतात नि अर्धा दिवस त्यातच जातो.

दुसरं. सकाळच्या राउंडला पेशंटजवळ नातेवाइकाने असावं. दिवसभरात डॉक्टर शोधत फिरण्यापेक्षा त्या दहा मिनिटांत सगळं कळतं. प्रश्न कागदावर लिहून ठेवा, तोंडाने विसरता.

तिसरं. आईला विचारल्याशिवाय पाचसहा मुलं तपासायला आली तर तिने 'आत्ता नको' म्हणायचं. तिला तो हक्क आहे. पण मी बघितलंय, एकदा त्या पोरांना नाव विचारलं, गाव विचारलं, की तीच पोरं रात्री दोन वाजता धावत येतात.

आणि अण्णा, उपाशी ठेवून ऑपरेशन पुढे ढकलणं ही लाजेची गोष्ट आहे, मी त्यावरून सरांशीही भांडले आहे. आधीची केस लांबते, मधेच इमर्जन्सी येते, कारणं खरी असतात. पण दुपारी बारा वाजता पेशंटला येऊन सांगायला काय जातं? ते कोणी करत नाही.

रात्रपाळी
१५ जून, पहाटे ३:१२

मी सध्या दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, विभाग सांगत नाही. सिस्टर, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मान खाली गेली. परवाच एका काकांना साडेचार वाजता सांगितलं. सकाळपासून मी ओटीत होतो आणि वॉर्डात फोन करायचं खरंच डोक्यात आलं नाही. उद्यापासून करतो.

तिसरीतल्या चेहऱ्याबद्दल : दाढी वाढवून पाहिली, विभागप्रमुख ओरडले.

वात्रट_वांगं
१५ जून, ९:००

धाग्यावर डॉक्टर, सिस्टर, रेसिडेंट सगळे जमले. भूलतज्ज्ञ तेवढे यायचे राहिलेत. बहुतेक झोपले असतील.

संपादक मंडळ
१५ जून, ११:००

चर्चा छान चालू आहे. रुग्णालयांची व डॉक्टरांची नावं घेऊन तक्रारी वा जाहिरात करू नये. 'विपु (खाजगी निरोप) करा, स्वस्तात करून देतो' छापाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

घणसोलीकर
२१ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. सिस्टरताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून फाइलला लावला. पुन्हा जाऊन आलो, यावेळी *वारी* गेलो. प्राध्यापक मॅडम भेटल्या. 'शेजारी कोण बसणार' विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शेजारी मी बसेन, आणि नसेजवळ मीच करेन. छेद आणि टाके माझा रेसिडेंट घालेल, त्याचे टाके माझ्यापेक्षा सुबक असतात." मग कागदावर कान काढून दाखवला.

गुंता असा : कानाच्या नळीची मागची हाडाची भिंत ठेवायची की पाडायची. ठेवली तर कानाची रचना राहते, पण मागे कातडीचा कण राहिला तर दिसत नाही, म्हणून वर्षभराने दुसऱ्यांदा उघडून बघावं लागू शकतं. पाडली तर आत एक मोठी पोकळी होते, सगळं डोळ्यांसमोर, पण ती जन्मभर सहा-बारा महिन्यांनी साफ करून घ्यायची आणि पाण्यापासून जपायची. डॉक्टर, तुमचं मत?

आईची चिंता वेगळीच. तिने एकच विचारलं : केस किती कापणार?

कर्णपिशाच्च
२१ जून, ११:१५

कानामागे दोन बोटं रुंद. अंबाडा घातला की दिसणार नाही, असं सांगा.

भिंतीचं : स्कॅन न बघता मत देणं बरं नाही. आजार किती पसरलाय, दुसऱ्या कानाने कसं ऐकू येतं, यावर ते ठरतं. पण एक प्रश्न डॉक्टरांइतकाच तुम्हालाही लागू आहे : पेशंट परत येणार का? जो माणूस वर्षाने दुसऱ्या ऑपरेशनला येणार नाही अशी खात्री वाटते, त्याची भिंत ठेवणं धोक्याचं. पूर्वी दुसऱ्यांदा उघडण्याला इलाजच नव्हता. आता विशिष्ट पद्धतीचा एमआरआय काढून तीनेक मिलिमीटरपेक्षा मोठा उरलेला भाग बऱ्यापैकी पकडता येतो, आणि ऑपरेशनच्या वेळीच एन्डोस्कोपने कोपरे बघता येतात, जे मायक्रोस्कोपच्या सरळ नजरेला दिसत नाहीत.

क्रम मात्र लक्षात ठेवा. पहिला हेतू कान सुरक्षित आणि कोरडा करणं. ऐकू येणं दुसऱ्या नंबरला. बरेच नातेवाईक ऑपरेशननंतर 'ऐकू कुठे वाढलं?' म्हणून भांडतात, कारण आधी कोणी हे सांगितलेलं नसतं.

अण्णा_नौपाडा
२२ जून, ६:१०

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं हे आवडलं. माझ्या बायपासच्या वेळी खाजगीतल्या नामांकित सर्जनने मला एकूण चार मिनिटं दिली, त्यातली दीड फोनवर होते. लिहायचं राहिलं होतं.

पारसिक
२२ जून, ९:३०

अण्णा, 'पैसे मोजले की निदान माणूस कोण ते ठाऊक असतं' असं १४ तारखेला आपणच लिहिलं होतं ना?

अण्णा_नौपाडा
२२ जून, ९:४५

माणूस ठाऊक होता. फोनवर होता.

घणसोलीकर
१८ ऑगस्ट, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. मंजुरी आली, भुलीसाठीचं फिटनेस झालं, शुगर थोडी जास्त होती ती आटोक्यात आली. पण आई म्हणते गणपती झाल्यावर. गणपतीनंतर लगेच पितृपंधरवडा, त्यात तर अजिबात नको. मग नवरात्रात ती उठता-बसता उपास करते, मग दिवाळी. बाबा म्हणाले, मग शिमग्यालाच करू, बोंब मारायला सोपं.

सिस्टर_निवृत्त
१९ ऑगस्ट, ८:००

पितृपंधरवड्यातच करा! आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत ओटीची यादी आखूड असायची, कोणी यादीत नाव लावायला तयार नसायचं. म्हणजे सकाळी पहिला नंबर, मॅडम ताज्या, सिस्टर मोकळ्या, उपाशी राहणं नाही. आईला सांगा, वीस वर्षं तिच्या कानाची काळजी केलेली तिची सासू-आई वरून बघणारच आहेत.

वात्रट_वांगं
१९ ऑगस्ट, ९:२०

ओटीबाहेर कावळा बसला तर शुभ समजावा की रेसिडेंट?

खारघर_टेकडी
१९ ऑगस्ट, ९:४०

वांगं, तुला कोणीतरी युनिटला लावा.

घणसोलीकर
३० सप्टेंबर, रात्री ११:५५

झालं. पितृपंधरवड्यातच. सिस्टरताई, तुमचा 'सासू-आई'वाला मुद्दा आईला पटला. नंबर पहिला.

सकाळी पावणेआठला आत नेलं, बाहेर आली बाराच्या सुमारास. मध्ये मी कँटीनमध्ये चार चहा प्यायलो आणि एकही आठवत नाही. मॅडमनी बाहेर येऊन डबीतलं काहीतरी पांढरं, मोत्यासारखं दाखवलं. हेच ते. ऐरण जवळजवळ शिल्लक नव्हती. तोल सांभाळणाऱ्या त्या नळीवरचं हाड खरंच झिजलं होतं, डॉक्टर, तुमची शंका बरोबर. मागची भिंत पाडावी लागली. चेहऱ्याच्या नसेवर एका ठिकाणी हाडाचं कवचच नव्हतं, नस उघडी. पूर्ण वेळ नसेचा मॉनिटर लावला होता.

शुद्धीवर आल्यावर तिथल्या रेसिडेंटने आईला सांगितलं, "काकू, डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा." तिने तिन्ही केलं आणि मग विचारलं, "आता गाणं म्हणू?" तो जो हसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोही सकाळपासून घाबरलेला होता. हाच तो तिसरीतला चेहरा. नाव ओंकार, गाव परभणी. आईने भरती व्हायच्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.

तक्रारी नाहीत असं नाही. रात्री वॉर्डातला पंखा बंद, मी पुठ्ठ्याने वारा घातला. संमतीपत्र इंग्रजीत पुढे केलं, मराठी मागितल्यावर शोधून आणलं, म्हणजे होतं. आणि एक इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं, तेव्हा आरोग्यमित्राकडे गेलो तर ते आतूनच मिळालं. न विचारणाऱ्याने काय करायचं?

कर्णपिशाच्च
१ ऑक्टोबर, ७:३०

अभिनंदन. उघडी नस आणि झिजलेली नळी असूनही चेहरा सरळ, म्हणजे काम चोख झालंय. आता : नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, कानात पाणी नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, डॉक्टर सांगेपर्यंत विमान नाही. आतलं पॅकिंग दोनतीन आठवड्यांनी काढतील, त्याआधी 'जड वाटतं' म्हणून कोणी बोट घालू नये.

घणसोलीकर
९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

नवीन प्रकरण. आई म्हणते जेवणाला पितळेची चव लागते, विशेषतः आमटीला. बायकोने तीन वेळा चिंच-गूळ बदलून पाहिलं. घरात वातावरण तंग आहे. हे ऑपरेशनमुळे की खरंच आमटीमुळे?

कर्णपिशाच्च
९ ऑक्टोबर, १०:४०

ऑपरेशनमुळे! वहिनी निर्दोष. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी एक बारीक नस कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूने जाते. या ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, कधीकधी आजार काढायला कापावी लागते. जिभेच्या त्या बाजूला धातूसारखी चव येते. बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं.

अण्णा_नौपाडा
१० ऑक्टोबर, ६:१५

हे संमतीपत्रात असतं का? मराठी प्रतीत?

घणसोलीकर
१० ऑक्टोबर, ८:५०

काढून पाहिलं. आहे, आठव्या ओळीत. 'चवीत बदल संभवतो.' वाचलं होतं, पण तेव्हा नजर चेहऱ्याच्या नसेवर होती.

सानपाडा_लोकल
१४ डिसेंबर, दुपारी ४:००

घणसोलीकर, माझ्या काकूलाही तोच आजार निघाला. मूळ प्रश्न पुन्हा विचारतो, सरळ उत्तर द्या. पुन्हा वेळ आली तर तिथेच जाल का?

घणसोलीकर
१४ डिसेंबर, रात्री ९:१५

जाईन, पण आंधळेपणाने नाही. सोबत कोणीतरी मोकळा माणूस हवा जो राउंडला उभा राहील, वार लक्षात ठेवेल, कागद सांभाळेल आणि 'हे आतून मिळतं का' विचारेल. आमच्याकडे मी होतो, वर्क फ्रॉम होम होतं म्हणून. शेजारच्या खाटेवर उरणच्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा मासेमारीला गेलेला. त्यांचं ऑपरेशन तितकंच चांगलं झालं, त्याच मॅडमनी केलं. पण पॅकिंग काढायच्या दिवशी त्या आल्याच नाहीत. ओंकारने फोन करून बोलावल्या, स्वतःच्या मोबाइलवरून. तो आता दुसऱ्या पोस्टिंगला गेला. पुढच्या वेळी कोण करणार फोन, ते माहीत नाही.

आईचा कान कोरडा आहे. वीस वर्षांत पहिल्यांदा. ऐकू थोडं कमीच आहे, सहा महिन्यांनी ऐरणीच्या जागी कृत्रिम हाड बसवायचं का ते ठरेल.

सिस्टर_निवृत्त
१५ डिसेंबर, ७:५०

उरणच्या आजींचं युनिट आणि वार मला विपुत कळवा. तिथल्या इनचार्ज सिस्टरशी बोलते.

रात्रपाळी
१५ डिसेंबर, पहाटे नव्हे, सकाळी १०:००

सुट्टी आहे, झोप झाली. सिस्टरांच्या त्या प्रतिसादानंतर आमच्या वॉर्डात एक वही केली आहे. ऑपरेशन पुढे गेलं तर बारापर्यंत पेशंटला सांगायचं आणि वेळ लिहून सही करायची. आतापर्यंत सतरा सह्या, त्यातल्या चार साडेबाराच्या.

घणसोलीकरीण
११ जानेवारी, रात्री ९:३०

नमस्कार, खास या धाग्यासाठी सदस्य झाले. माझ्या आमटीवर इथे जाहीर चर्चा झाल्याचं मला आजच कळलं. डॉक्टरांचे आभार, निर्दोष ठरवल्याबद्दल.

सासूबाईंची चव परत आली आहे, काल जेवताना त्यांनीच सांगितलं. आमटी तरीही आवडलेली नाही.